‘पुन्हा सांग’ बाई आणि ओढ्यावरचा वर्ग

शाळेत त्यांना सगळे ‘पुन्हा सांग बाई’ म्हणत. समोर नव्हे, अर्थात. समोर नुसतं ‘बाई’. सहावी-सातवीला गणित शिकवायच्या आणि त्या एकाच शाळेत त्यांची सत्तावीस वर्षं झाली होती. वर्गात कुणीही उत्तर दिलं की बाई म्हणायच्या, “पुन्हा सांग. उभं राहून, माझ्याकडे बघून, तोंड नीट उघडून.” उत्तर बरोबर असलं तरी पुन्हा सांगायचं, चुकलं असलं तरी पुन्हा सांगायचं. पालक तर या पद्धतीवर खूश होते. बाईंच्या हाताखालून गेलेलं पोर चारचौघांत बोलताना अडखळत नाही, असं ते एकमेकांना सांगत. नव्याने लागलेले दोन-तीन शिक्षकही आपापल्या वर्गांत ‘पुन्हा सांग’ म्हणायला लागले होते.

आता खरं काय ते सांगायला हवं. बाईंना ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिऱ्या होत्या असं नाही. दार आपटलेलं कळायचं, बस गेलेली कळायची, पुरुषांचे घोगरे आवाजही बऱ्यापैकी कळायचे. पण बारीक, टोकदार आवाज एकेक करून घर सोडून गेले होते. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटी, मग शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ झडायला लागले. वर्गातली एखादी मुलगी ‘साठ’ म्हणाली की बाईंना ‘आठ’ ऐकू यायचं. गणिताच्या तासाला साठ आणि आठ यांत गफलत होऊन कसं चालेल? म्हणून ‘पुन्हा सांग’. म्हणून ‘माझ्याकडे बघ’. बाई कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकत होत्या.

खोली नंबर नऊ त्यांनी आठ वर्षं सोडली नव्हती. त्या खोलीत बाईंच्या खुर्चीच्या मागे तीन मोठ्या खिडक्या होत्या, त्यामुळे उजेड थेट मुलांच्या तोंडावर पडायचा आणि ओठ स्वच्छ दिसायचे. कोण कुठे बसतं हे पाठ होतं. शिक्षकांच्या खोलीत त्या कोपऱ्यात वह्यांचा ढीग घेऊन बसत. इतक्या कामात असलेल्या बाईशी गप्पा मारायला कोण जाणार? सत्ताविसांतली शेवटची सात-आठ वर्षं त्यांनी अशी काढली. डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. गेलं की ते खरं ठरेल, असं त्यांना वाटे. आणि खरं ठरलं की शाळा सुटेल.

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. माणूस मुळातच मितभाषी, आवाजही बारीक. घरात दोघांचं बोलणं कमी झालं, ते वयामुळे झालं असेल असं बाईंनी स्वतःला पटवून टाकलं होतं.

त्या वर्षी शिक्षण खात्याचं पत्रक आलं. दर शनिवारी अर्धा दिवस प्रत्येक वर्गाने शाळेबाहेर शिकायचं. झाडं, पाणी, माती, किडे जे काही जवळ असेल ते बघायचं, मोजायचं, वहीत उतरवायचं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना एकत्र बोलावून ते वाचून दाखवलं. या मोठ्या बाई वयाने आपल्या बाईंपेक्षा अकरा वर्षांनी लहान होत्या, पण खुर्ची मोठी, म्हणून मोठ्या.

“सहावीला ओढा,” त्या म्हणाल्या. “शाळेपासून सात मिनिटं. आणि बाई, सहावी तुमच्याकडे.”

बाहेर भिंती नाहीत, खिडक्या नाहीत, कोण कुठे उभं असेल याचा पत्ता नाही. त्या उठून ठामपणे म्हणाल्या, “भूमितीला छप्पर लागतं.”

सगळे हसले. मोठ्या बाईही हसल्या. “छत्री न्या,” म्हणाल्या. विषय संपला.

पहिला शनिवार बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात लांबलचक शनिवार होता. एकतीस मुलं ओढ्याकाठी पोचली आणि फुटलेल्या पिशवीतल्या चणे-दाण्यांसारखी चहूकडे पसरली. ‘बाई, हे बघा’, ‘बाई, इकडे या’ म्हणत असतील. बाईंना फक्त हलणारे हात आणि पाठमोरी डोकी दिसत होती. त्या गोल गोल फिरत राहिल्या. तासाभराने त्यांना घाम फुटला होता आणि मुलं एकमेकांना म्हणत होती की बाई आज खूपच चिडल्यात.

दुसऱ्या शनिवारी त्या नियम घेऊन आल्या. पाच गट. प्रत्येक गटाला ठरलेली जागा. मी सांगितल्याशिवाय कुणीही जागा सोडायची नाही, काहीही झालं तरी. ज्याला बोलायचंय त्याने हात वर करायचा, मी येईन, मग समोर उभं राहून बोलायचं. वर्गाचा कॅप्टन उंच आणि उत्साही मुलगा होता. त्याने हे नियम खड्या आवाजात सगळ्यांकडून म्हणून घेतले. मोठ्या बाई एकदा बघायला आल्या आणि शिस्त पाहून थक्क होऊन गेल्या.

नियम बाईंनी भीतीपोटी केले होते, पण एक झालं. मुलांना काम मिळालं. एका गटाने बांबूवर दर पाच सेंटीमीटरला तांबड्या रंगाची खूण करून, आकडे घालून, तो दर शनिवारी प्रवाहात दोन दगडांच्या बेचक्यात घट्ट रोवायला आणि परतताना काढून न्यायला सुरुवात केली. दर वेळी पाणी कुठल्या आकड्यावर आहे ते लिहायचं. दुसऱ्याने दोरी ताणून ओढ्याची रुंदी काढली. तिसरा वाळकं पान पाण्यात सोडायचा आणि दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते मोजायचा. बाकीचे दोन गट दगड उलटून त्याखालचे किडे मोजत, मग दगड होता तसा ठेवत. ‘त्याचं छप्पर आहे ते’ असं बाईच एकदा बोलून गेल्या आणि मग मुलं एकमेकांना दटावू लागली, “ए, छप्पर परत ठेव.”

खोली नंबर नऊमध्ये जो मुलगा सरासरी काढताना दर वेळी गटांगळ्या खायचा, तो पाच पानांचे सेकंद घेऊन आला. बेरीज करून पाचाने भागलं होतं. “एकच पान धरलं तर फसवणूक होते, बाई,” तो म्हणाला. “एखादं पान आळशी असतं.” बाई त्या दिवशी घरी जाताना दोन वेळा आपल्याशीच हसल्या.

तिसऱ्या शनिवारी मात्र वेगळंच घडलं. मुलं डबे खायला वाळुंजाच्या झाडाखाली बसली होती. कॅप्टन बाईंसमोर येऊन म्हणाला, “बाई, केवढा कलकलाट! आपलं बोलणंसुद्धा ऐकू येत नाहीये.”

“कसला कलकलाट?”

त्याने वर बोट केलं. बाईंनी मान वर केली. वाळुंजावर पक्षीच पक्षी होते. चिमुकले, करडे, फांदीफांदीवर. प्रत्येकाची चोच उघडत होती, मिटत होती, गळे थरथरत होते. आणि बाईंच्या कानात काही म्हणजे काही नव्हतं.

त्या तिथेच दगडावर बसल्या. गेली सात-आठ वर्षं त्या मनापासून धरून चालल्या होत्या की गावातले पक्षी गेले. धूर वाढला, झाडं तुटली, पक्षी गेले. वर्गात तसं सांगितलं होतं. शाळेच्या वार्षिक अंकात ‘कुठे गेले ते पक्षी’ या नावाचा लेखही लिहिला होता आणि लोकांनी तो डोळे पुसत वाचला होता. पक्षी कुठेही गेले नव्हते. रोज सकाळी आपल्या खिडकीवर येऊन ओरडत असतील बिचारे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना धड हसूही येईना, धड रडूही.

“बाई, बरं वाटत नाही का?” कॅप्टनने विचारलं.

“बरं आहे. डबा संपव.”

वर्गात एक अगदी लहानखुरी मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत. आवाजही तसाच. बाईंना तिचं बोलणं वर्षभरात एकदाही धड कळलं नव्हतं, आणि तोंडी परीक्षेत त्यांनी तिला पंचवीसपैकी नऊ गुण देऊन ‘पुटपुटते’ असा शेरा मारला होता. ओढ्यावर ही मुंगी बांबूच्या गटात होती. ती फारसं बोलत नसे, नुसती बघत असे. पाण्याकडे, किड्यांकडे, आणि बाईंकडेही.

पाचवा शनिवार उजाडला. आता ओढ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ओढा वरच्या कालव्याला जोडलेला होता. कालव्याच्या फाटकावर एक पाटकरी होता, म्हणजे पाणी सोडणारा, बंद करणारा माणूस. दुपारी बाराला तो जादा पाणी ओढ्यात सोडायचा आणि त्याआधी तीनदा लांब शिट्टी मारायचा. सहावीचा वर्ग साडेअकराला परत जायचा, म्हणून त्या शिट्टीशी वर्गाचा कधी संबंध आला नव्हता. पण त्या दिवशी फाटकाच्या दुरुस्तीला माणसं येणार होती, त्यामुळे पाणी साडेदहालाच सोडायचं ठरलं. शाळेला कुणी कळवलं नाही. पाटकऱ्याने मात्र नेमाने शिट्टी मारली. तीनदा, लांब, चांगली दम लागेपर्यंत.

एकतीस मुलांनी ती ऐकली. एकतीस मुलं थबकली आणि बाईंकडे बघू लागली. कारण नियम होता: बाई सांगेपर्यंत जागा सोडायची नाही, काहीही झालं तरी.

बाई दोरीच्या गाठी तपासत वाकल्या होत्या. मान वर केली तर सगळा वर्ग आपल्याकडे टक लावून बघतोय. काहीतरी खोडी केली असणार.

“काय बघताय?” त्या कडाडल्या. “कामं करा!”

मुलं खाली मान घालून कामाला लागली. तीन मुलं प्रवाहाच्या मधल्या मोठ्या दगडावर होती, तीही.

मग मुंगीने नियम मोडला. ती पाण्यातून धडपडत आली आणि बाईंच्या बाहीला धरून तिने जोरात ओढलं. तिचे ओठ हलले. बाईंना दिसलं ते एवढंच: ‘बाई, बाई.’ आता ‘ब’ म्हणताना आणि ‘प’ म्हणताना ओठ अगदी सारखेच मिटतात. मुलगी म्हणत होती ‘बाई, पाणी’. बाईंना दिसत होतं ‘बाई, बाई’.

“जागा का सोडलीस? नीट बोल,” बाई म्हणाल्या. “पुन्हा सांग.”

मुंगीने पुन्हा सांगितलं नाही. तिने हात लांब करून बांबूकडे बोट केलं.

बाईंनी बांबूकडे पाहिलं. सकाळी वहीत लिहिलेला आकडा होता चार. आता पाच आणि सहा पाण्याखाली गेले होते. पाण्यावर सात दिसत होता, आणि त्या बघत असतानाच सातच्या पोटाला पाणी लागलं. आकडे बाईंशी कधी खोटं बोलले नव्हते. ओढ्याचा रंगही बदलला होता, गढूळ, आणि वाळक्या काटक्या वेगाने येत होत्या.

“सगळे वर!” बाई ओरडल्या. सत्तावीस वर्षांचा कमावलेला आवाज होता तो. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी काठाकडे केले. “सामान टाका! दगड सोडा! वर, वर, वर!”

बाकीची मुलं बघता बघता काठावर चढली. मधल्या दगडावरची तिघं मात्र खिळल्यासारखी उभी होती. एकीने तर रडायला सुरुवात केली होती. बाई चपलांसकट पाण्यात उतरल्या. गुडघ्याच्या वर पाणी लागलं. एकेकाचा दंड धरून त्यांनी आपल्या अंगाला टेकवून पुढे सरकवलं आणि कॅप्टनने काठावर पालथं पडून हात लांब करून ओढून घेतलं. शेवटचं पोर वर गेलं तेव्हा बाईंची एक चप्पल गेली होती, आणि बांबू आडवा होऊन, गोल फिरत, आकड्यांसकट निघून गेला.

त्यांनी मुलं मोजली. एकतीस. पुन्हा मोजली. एकतीस. हात लावून लावून तिसऱ्यांदा मोजली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या गवतावर बसल्या.

तेवढ्यात पाटकरी धावत आला. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पांढराफटक पडलेला.

“अहो, तीनदा शिट्टी मारली!” तो ओरडला. भीतीने माणूस ओरडतो तसा. “तीनदा! पोरं घेऊन पाण्यात उभ्या काय राहता? बहिऱ्या आहात का?”

त्याचा घोगरा आवाज बाईंना शब्दन् शब्द ऐकू आला. इतकी वर्षं ज्या एका शब्दाला त्या घाबरून होत्या, तो कुणीतरी भर वर्गासमोर तोंडावर फेकला होता. आणि नवल म्हणजे काहीही कोसळलं नाही. मुलं उभी होती, ओलीचिंब, धडधाकट. त्यापुढे या शब्दाचं वजन ते काय?

“हो,” बाई म्हणाल्या. “मला ऐकू येत नाही.”

“तसं नव्हतं हो म्हणायचं मला, ताई,” पाटकरी चाचरत म्हणाला. “तोंडातून गेलं.”

“जाऊ दे. खरंच येत नाही. तुमची शिट्टी मला आली नाही. चूक माझी आहे.”

मुंगी पुढे आली, बाईंसमोर उकिडवी बसली आणि अगदी सावकाश, ओठ नीट हलवत बोलली. “मला माहीत होतं, बाई. पहिल्या चाचणीपासून. तुम्ही फळ्याकडे तोंड करून होता तेव्हा मी दोनदा म्हटलं, घंटा झाली. तुम्ही लिहीतच राहिलात.”

“मग कुणाला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून.”

बाईंनी तिला जवळ ओढलं. दोघीही भिजलेल्या होत्या, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कुणाला वेगळं दिसलं नाही.

शाळेत पोचल्या पोचल्या, एका पायात चप्पल अशा अवतारात, बाई थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. शिट्टी, नियम, साठ आणि आठ, खोली नंबर नऊ. मोठ्या बाई चिडल्या, आणि चिडायलाच हव्या होत्या.

“तुम्हाला ऐकू येत नाही याचा मला राग नाही,” त्या बाईंकडे तोंड करून म्हणाल्या. “तुम्ही ते लपवून एकतीस मुलांना पाण्यावर नेलंत याचा आहे.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “मी राजीनामा लिहून आणते.”

“राजीनामा कुणी मागितला? मी माझ्यावरही चिडलेय. मी छत्री न्या म्हणाले, सोबत दुसरं मोठं माणूस न्या असं म्हणाले नाही. फाटक कधी उघडतं हे विचारायचंही मला सुचलं नाही.” त्यांनी कागद पुढे ओढला. “बाहेरचा वर्ग तूर्त बंद. तुम्ही आधी कान तपासून घ्या. पालकांना मी आजच कळवते.”

“पालकांना मी लिहिते,” बाई म्हणाल्या. “माझ्या नावाने.”

घरी गेल्यावर घड्याळजींना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“म्हणजे तुला ऐकूच येत नव्हतं?”

“नाही.”

“आणि मी समजत होतो, तीस वर्षं झाली, हिला आता माझं बोलणं ऐकायचा कंटाळा आलाय.” ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. “अगं, पाच वर्षांपूर्वी मी तुला विचारलं होतं, दुकान बंद करून आपण दोघं महिनाभर कुठेतरी फिरून येऊ का. तू म्हणालीस, ‘फडताळात ठेवलंय.’”

बाईंनी कपाळावर हात मारला. मग दोघं इतकी हसली की शेजारची मुलगी काय झालं ते बघायला दाराशी आली.

कानांच्या डॉक्टरांनी बाईंना बंद खोलीत बसवून तपासलं, कागदावर उतरत जाणारी रेघ दाखवली आणि सांगितलं, वयाने होतं असं, काहींना लवकर होतं. यंत्र लावा, नोकरी सोडायची काही गरज नाही. एवढ्या चार वाक्यांना भिऊन आपण सात-आठ वर्षं काढली, हे बाईंना पचायला आठवडा लागला.

पालकांच्या सभेत बाई उभ्या राहिल्या आणि झालं ते सांगितलं. दोघातिघांनी कडक शब्द ऐकवले. बाईंनी ते ऐकून घेतले, शब्दशः, कारण कानात यंत्र होतं. मधल्या दगडावर अडकलेल्या मुलीची आई शेवटी बोलली. “माझी मुलगी आठवडाभर एकच विचारतेय,” ती म्हणाली, “ओढ्यावर परत कधी जायचं. तिला पाण्याची भीती बसेल असं मला वाटलं होतं. तुम्ही सोय नीट करा, मी तिला पाठवते.” मग बाकीचेही हळूहळू सोय काय, यावर बोलायला लागले. पाटकरी स्वतः सभेला आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. यापुढे शनिवारी वर्ग गेल्याशिवाय फाटकाला हात लावणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि शिट्टीबरोबर काठीला लाल फडकंही बांधीन म्हणाला.

यंत्राची सवय व्हायला वेळ लागला. पहिल्या दिवशी बाई वैतागून गेल्या. कागद चुरगळला तरी फटाका फुटल्यासारखा वाजे. खोली नंबर नऊमध्ये मुलं इतकी कुजबुजतात हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि काय काय कुजबुजतात तेही! सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्या चहाचा कप घेऊन नुसत्या उभ्या राहत. घड्याळजी विचारायचे, “काय करतेस?” त्या म्हणायच्या, “थांबा. एक जण काहीतरी सांगतोय.” पुढच्या वार्षिक अंकात त्यांनी आधीच्या लेखाची दुरुस्ती छापायला दिली: पक्षी गेले नव्हते, लेखिकेचे कान गेले होते, वाचकांनी पुसलेल्या डोळ्यांबद्दल क्षमस्व.

एक काम उरलं होतं. बाईंनी मुंगीला बोलावून तिची तोंडी परीक्षा पुन्हा घेतली. मुलगी मुळीच पुटपुटत नव्हती. आवाज बारीक, पण प्रत्येक शब्द स्वच्छ, आणि उत्तर देऊन झालं की उलट एक प्रश्नही. पंचवीसपैकी तेवीस. जुना शेरा बाईंनी खोडला आणि शेजारी लिहिलं, ‘ऐकण्यात चूक झाली होती.’ खाली सही केली.

“दोन गुण कुठे गेले?” मुंगीने विचारलं.

“नियम मोडल्याचा एक,” बाई म्हणाल्या, मग जरा थांबल्या. “नाही, तो परत घे. चोवीस. उरलेला एक खराच चुकलाय.”

सहा आठवड्यांनी बाहेरचा वर्ग पुन्हा सुरू झाला. नियम नवे होते आणि ते मुलांनी बाईंबरोबर बसून केले. पहिला नियम: धोका दिसला तर आधी वर चढायचं, मग विचारायचं. दुसरा: प्रत्येक गटाने हातांच्या खुणा शिकायच्या. थांबा, या, वर जा, बघा पण बोलू नका. या खुणा बाईंसाठी ठरल्या होत्या, पण पक्षी बघताना त्या फारच कामाला आल्या. एकदा खंड्या पाण्यावरच्या फांदीवर येऊन बसला, आणि एकतीस मुलं नुसत्या हातांनी एकमेकांना सांगत, श्वास रोखून, त्याने दोनदा सूर मारून मासा आणेपर्यंत बघत राहिली. बाजूच्या शाळेचा वर्ग आला असता तर तो खंड्या पुढच्या गावाला गेला असता, असं कॅप्टन नंतर अभिमानाने म्हणाला.

सोबतीला दुसरं मोठं माणूस हवं होतं. मोठ्या बाई कुणाला पाठवावं याचा विचार करत होत्या, तेव्हा घड्याळजी म्हणाले, “शनिवारी दुकानात तसंही कुणी फिरकत नाही.” मग ते यायला लागले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ अडकवून. पान सोडणाऱ्या गटाने त्यांना आपल्यात ओढून घेतलं.

“सतरा सेकंद,” ते पहिल्याच पानाला म्हणाले.

“अठरा,” काठावर पाण्यात पाय सोडून बसलेल्या बाई म्हणाल्या. “मी मोजलेत.”

“अगं, माझ्या हातात घड्याळ आहे.”

“बटण उशिरा दाबलंत. आवाज आला मला.”

मुलं दोघांकडे बघत राहिली. मग मुंगी म्हणाली, भांडू नका, आपण पाच पानं सोडू. मुलं वाळकी पानं गोळा करायला पांगली. घड्याळजी बायकोशेजारी येऊन बसले आणि त्यांनीही पाय पाण्यात सोडले. पाणी थंडगार होतं, घोट्याएवढंच होतं, आणि फाटकावर पाटकरी आरामात खुर्ची टाकून बसलेला दिसत होता.